पॉली उम्रीगर : कर्णधारपद सोडले, क्रिकेट नाही

सोलापूर म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहतात ते गिरण्यांचे धुराडे, मागांची खडखड आणि जाडजूड चादरी. या कापडाच्या गावाने देशाला एक कसोटी कर्णधार दिला, हे मात्र खुद्द सोलापूरकरांनाही फारसे आठवत नाही. क्रिकेटच्या नोंदवहीत पहलान रतनजी उम्रीगर या नावापुढे जन्मतारीख आहे २८ मार्च १९२६ आणि जन्मस्थान आहे सोलापूर. क्रिकेटजगताने त्यांना ओळखले ते पॉली उम्रीगर या सुटसुटीत नावाने. भारताचे पहिले द्विशतक त्यांच्या नावावर आहे. भारताच्या पहिल्या कसोटी विजयात त्यांचे नाबाद शतक आहे. निवृत्त झाले तेव्हा सर्वाधिक कसोटी, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांचेच होते. असे असूनही त्यांची आठवण निघाली की अनेकदा १९५२ मधील एका फसलेल्या उन्हाळ्यावरच येऊन थांबते. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

उम्रीगर कुटुंब पारशी. वडिलांचा व्यवसाय कापडाचा, त्यामुळे सोलापूरशी नाते जडणे स्वाभाविकच होते. पॉली शाळेत असतानाच कुटुंबाने मुंबईला मुक्काम हलवला. मुंबईच्या मैदानांवर तेव्हा पारशी क्रिकेटची मोठी परंपरा होती. १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल ठेवले. हॉकी आणि फुटबॉलही ते खेळत. मुंबई विद्यापीठात विज्ञान शाखेचे शिक्षण घेताना विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि काही आठवड्यांतच त्याच पाहुण्यांविरुद्ध मुंबईत कसोटी पदार्पण केले.

सहा फुटांहून अधिक उंची, रुंद खांदे आणि ताकदीचे ड्राइव्ह ही त्यांच्या फलंदाजीची ओळख. ऑफब्रेक आणि ऑफकटर टाकणारे ते उपयुक्त गोलंदाज होते आणि फलंदाजाच्या जवळ उभे राहून झेल टिपण्यातही वाकबगार होते. अष्टपैलू हा शब्द आज स्वस्त झाला आहे. उम्रीगर यांना तो पूर्ण अर्थाने शोभत असे.

फेब्रुवारी १९५२. भारताला कसोटीचा दर्जा मिळून वीस वर्षे होत आली होती आणि चोवीस कसोट्यांत एकही विजय नव्हता. इंग्लंडविरुद्धची अखेरची कसोटी मद्रासला होती. या सामन्यासाठी उम्रीगर मूळ संघात नव्हतेच. हेमू अधिकारी जखमी झाले आणि ऐन वेळी त्यांची जागा उम्रीगर यांना मिळाली. पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची वार्ता आली. पुढे विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय यांनी १११ धावा केल्या आणि खालच्या क्रमांकावर आलेल्या उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा फटकावल्या. भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. बदली म्हणून आलेला खेळाडू देशाच्या पहिल्या विजयाचा शिल्पकार ठरला होता.

दैव मात्र फार काळ एका जागी थांबत नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि फ्रेड ट्रूमन नावाचे वादळ समोर उभे राहिले. ओलसर खेळपट्ट्या, भन्नाट वेग आणि अशा माऱ्याची सवय नसलेले भारतीय फलंदाज. मँचेस्टरला संपूर्ण संघ ५८ आणि ८२ धावांत गारद झाला. उम्रीगर यांच्या नावावर चार कसोटींच्या सात डावांत जमा झाल्या अवघ्या ४३ धावा. ते चेंडूच्या रेषेतून लेगच्या बाजूला सरकतात, हे सगळ्या जगाने पाहिले आणि त्यावर विनोदही रचले गेले. त्याच दौऱ्यात कौंटी संघांविरुद्ध त्यांनी धावांचे डोंगर उभारले होते, याची आठवण मात्र कोणी ठेवली नाही.

अशा मानहानीनंतर अनेकांची कारकीर्द संपते. उम्रीगर यांनी उत्तर दिले ते बॅटने. पुढच्याच हंगामात, १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, त्यांनी पाच कसोटींत ५६० धावा केल्या आणि दोन शतके ठोकली. १९५९ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेले तेव्हा, जिथे सात वर्षांपूर्वी संघाची दैना झाली होती त्याच मँचेस्टरला, ट्रूमन समोर असताना त्यांनी ११८ धावांची खेळी केली. त्याच दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध नाबाद २५२ ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळीही झाली. १९५२ च्या त्या उन्हाळ्याचे हे उत्तर होते. पण विनोद जितक्या दूर पोचतो, तितके त्याचे उत्तर पोचत नाही.

नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयाने झळकावलेले हे पहिले द्विशतक. पुढच्या कसोटीपासून संघाची धुरा त्यांच्याकडे आली. गंमत अशी की, मुंबईच्या त्या पुढच्याच कसोटीत मंकड यांनी नेमक्या २२३ धावा करून बरोबरी साधली आणि त्याच मालिकेत मद्रासला २३१ धावा करून विक्रम आपल्या नावे केला. दोन्ही वेळा कर्णधार होते उम्रीगर. भारताने ती मालिका २-० अशी जिंकली.

आठ कसोटींत त्यांनी देशाचे नेतृत्व केले. त्यांतील दोन जिंकल्या, दोन गमावल्या, चार अनिर्णित राहिल्या. आकडे साधे आहेत, पण त्यांचे नेतृत्व ज्या प्रसंगाने संपले, तो साधा नव्हता. १९५८-५९ च्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ आला. पहिल्या कसोटीत उम्रीगर, पुढच्या दोन कसोटींत गुलाम अहमद कर्णधार होते. कोलकात्याच्या दारुण पराभवानंतर गुलाम अहमद बाजूला झाले आणि मद्रासच्या कसोटीसाठी सूत्रे पुन्हा उम्रीगर यांच्याकडे आली. संघातील एका जागेवरून पेच पडला. त्यांना फलंदाज मनोहर हर्डीकर हवे होते, तर मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता. आपल्या मनाचा संघ मिळणार नसेल तर त्याचे नेतृत्व कशाला करायचे, असा सरळ विचार करून सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी राजीनामा दिला. ऐन वेळी मंकड कर्णधार झाले. पाचव्या कसोटीला हेमू अधिकारी आले. पाच कसोटी आणि चार कर्णधार! भारतीय क्रिकेटच्या कारभाराची शोभा त्या मालिकेत साऱ्या जगाने पाहिली.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. राजीनामा दिलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी साधा खेळाडू म्हणून मैदानात उतरला. रुसवा नाही की निवृत्तीची घोषणा नाही. आणि इतिहासाचा खेळ असा की, वर्षभरातच, डिसेंबर १९५९ मध्ये, कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवले, ते याच जसू पटेल यांच्या १४ बळींच्या जोरावर. दुसऱ्या डावात दुसऱ्या बाजूने ४ बळी घेऊन त्यांना साथ देणारा गोलंदाज होता पॉली उम्रीगर! ज्याच्या नावावरून कर्णधारपद सोडले, त्याच्याच खांद्याला खांदा लावून त्यांनी विजय मिळवला. पद आणि खेळ यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

कर्णधारपदाने त्यांना आणखी एकदा हुलकावणी दिली. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. जीव वाचवण्यासाठी तातडीने रक्ताची गरज होती. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्याप्रमाणेच रक्त देणाऱ्यांत उम्रीगरही होते. संघाची सूत्रे उपकर्णधार या नात्याने मन्सूर अली खान पतौडी या २१ वर्षांच्या तरुणाकडे गेली. ३६ वर्षांचे अनुभवी उम्रीगर त्यांच्या हाताखाली खेळले आणि खेळले ते असे की त्रिनिदादकर विसरले नाहीत. पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत त्यांनी पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२ धावा केल्या. तरीही कसोटी हातची गेली आणि मालिकाही ५-० अशी गेली. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या उम्रीगर यांनी त्या दौऱ्यानंतर कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतके आणि ३५ बळी ही त्यांची कमाई. धावांचा आणि शतकांचा हा पल्ला ओलांडायला सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध आणि सुनील गावसकर यावे लागले. १९६२ मध्येच सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले.

बॅट ठेवली तरी मैदान सुटले नाही. उम्रीगर यांचा दुसरा डाव सुरू झाला तो व्यवस्थापक म्हणून. १९७६ च्या आरंभी बिशनसिंग बेदी यांच्या संघाबरोबर ते न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीजला गेले. त्या काळी व्यवस्थापक म्हणजे केवळ सामानसुमान आणि भत्ते सांभाळणारा माणूस नसे. प्रशिक्षकांचा ताफा नव्हता, तेव्हा सल्लागार, वडीलधारा आणि संघाचा प्रवक्ता या साऱ्या भूमिका त्याच्याच वाट्याला येत. १२ एप्रिल १९७६ रोजी, पोर्ट ऑफ स्पेनच्या त्याच मैदानावर, भारताने चौथ्या डावात ४ बाद ४०६ धावा करून सामना जिंकला. गावसकर आणि विश्वनाथ यांनी शतके झळकावली. चौदा वर्षांपूर्वी जिथे नाबाद १७२ करूनही पराभव पदरी पडला होता, तिथेच हा विश्वविक्रमी विजय पाहण्याचे भाग्य व्यवस्थापक उम्रीगर यांना लाभले.

पण पुढच्याच कसोटीत, किंग्स्टनला, वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी अंगावर चेंडूंचा भडिमार केला. अंशुमन गायकवाड यांच्या कानावर, ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू आदळले, विश्वनाथ यांचे बोट मोडले. दुसऱ्या डावात ५ बाद ९७ वर खेळायला कोणी उरलेच नाही. वेगापुढे डगमगणे म्हणजे काय, हे ज्याने १९५२ मध्ये स्वतः भोगले, त्याच्यावर या जखमी मुलांना सांभाळण्याची वेळ आली होती. १९७७-७८ मध्ये ते पुन्हा व्यवस्थापक म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले. भारताने मेलबर्न आणि सिडनीला विजय मिळवले. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवरचे ते भारताचे पहिलेच कसोटी विजय. मालिका ३-२ अशी थोडक्यात हुकली.

१९७८ ते १९८२ या काळात ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. संघनिवडीवरून एकेकाळी कर्णधारपद सोडणारा माणूस आता निवडीच्या खुर्चीवर होता. पुढे क्रिकेट मंडळाचे कार्यकारी सचिव म्हणून त्यांनी काम केले, मुंबई क्रिकेट संघटनेचा कारभार पाहिला, प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले आणि वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखभालही केली. कसोटी कर्णधार राहिलेल्या माणसाला खेळपट्टीची माती हाताळण्यात कमीपणा वाटला नाही. १९९८-९९ मध्ये मंडळाने सी. के. नायडू पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय खेळाडूला मंडळ जो पुरस्कार देते, तो आज पॉली उम्रीगर यांच्याच नावाने ओळखला जातो. सचिन तेंडुलकरपासून पुढच्या पिढीतल्या ताऱ्यांपर्यंत अनेकांनी तो स्वीकारला. सोलापूरच्या पार्क मैदानावर आजही पोरे बॅट घेऊन उतरतात. विक्रम मोडण्यासाठीच असतात, हे त्यांना कोणीही सांगेल. मानहानी पचवून पुन्हा उभे कसे राहावे आणि हक्काचे पद सोडूनही खेळाशी इमान कसे राखावे, हे मात्र त्यांना उम्रीगर यांच्याकडूनच शिकावे लागेल. आपल्या गावाच्या या पुत्राची गोष्ट त्या पोरांपर्यंत पोचली पाहिजे.