विश्लेषण : तुरुंगातून सुटलेल्या लांडाऊंनी द्रव हेलियमचे कोडे कसे सोडवले?

सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या खाली द्रव हेलियम अजब वागू लागतो. भांड्याच्या भिंतीवर चढून तो बाहेर ओघळतो, अतिसूक्ष्म फटींतूनही विनाअडथळा वाहतो. हे का घडते, याचे उत्तर देणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ त्याआधी वर्षभर तुरुंगात होते.

लांडाऊ कोण होते?
जन्म २२ जानेवारी १९०८, बाकू. एकोणिसाव्या वर्षी लेनिनग्राड विद्यापीठाची पदवी. पुढे कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्याकडे अभ्यास. १९३७ मध्ये ते मॉस्कोत प्योत्र कापित्सा यांच्या संस्थेत आले.

अटक का झाली?
हेलियमच्या या घर्षणरहित प्रवाहाचा कापित्सा यांचा शोध जानेवारी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिजमध्ये अ‍ॅलन आणि मायसनर यांनाही तेच आढळले होते. मात्र एप्रिलमध्ये स्टालिनविरोधी पत्रकाच्या प्रकरणात लांडाऊंना अटक झाली. कापित्सांनी त्याच दिवशी स्टालिनला पत्र लिहिले. हेलियमचे कोडे लांडाऊच सोडवू शकतील, असे त्यांनी पुढे मोलोतोव्ह यांना कळवले आणि स्वतः हमी दिली. एप्रिल १९३९ मध्ये लांडाऊ सुटले.

त्यांचा सिद्धांत काय सांगतो?
१९४१ मध्ये लांडाऊंनी सुटे अणू बाजूला ठेवून संपूर्ण द्रवाचा विचार केला. अशा द्रवात ऊर्जा ठरावीक तरंगांच्याच रूपात साठते. प्रवाहाचा वेग एका मर्यादेच्या आत असेल, तर असे तरंग निर्माणच होत नाहीत. म्हणून घर्षणही होत नाही. हेलियममधून उष्णता लाटेसारखी धावेल, हे त्यांचे भाकीत १९४४ मध्ये पेश्कोव्ह यांच्या प्रयोगात खरे ठरले.

पृष्ठताणाशी काय संबंध?
हेलियमच्या अणूंमधील ओढ अतिशय क्षीण असते. त्यामुळे त्याचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकाच भरतो. १९५३ मध्ये अ‍ॅटकिन्स यांनी ऊर्जातरंगांची हीच कल्पना द्रवाच्या पृष्ठभागावरील लाटांना लावली. तापमान वाढले की या लाटा वाढतात आणि पृष्ठताण घटतो.

शेवट कसा झाला?
७ जानेवारी १९६२ रोजी मोटार अपघातात लांडाऊ गंभीर जखमी झाले, अनेक आठवडे बेशुद्ध होते. त्याच वर्षी त्यांना नोबेल जाहीर झाले, पण ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पुन्हा संशोधनही करू शकले नाहीत. १ एप्रिल १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना सोडवणाऱ्या कापित्सांना नोबेल मिळाले ते १९७८ मध्ये.