झोपेला प्रश्न विचारणारा काजी

हिजरी सन 732 मधल्या रमजानची ती पहिली तारीख होती. इसवी सनाप्रमाणे 27 मे 1332. उत्तर आफ्रिकेतल्या ट्यूनिस शहरात, खल्दून घराण्यात त्या दिवशी अब्दुर्रहमान नावाचा मुलगा जन्माला आला. जग त्याला इब्न खल्दून या नावाने ओळखते. राज्ये का उभी राहतात, दोनचार पिढ्यांत का ढासळतात, शहरी माणूस आणि वाळवंटातला माणूस यांच्या स्वभावात फरक का पडतो, या प्रश्नांचा शास्त्र म्हणून विचार करणारे ते पहिल्या काही लोकांपैकी. त्यांचा ‘मुकद्दमा’ हा ग्रंथ आजही जगभर वाचला जातो. मात्र त्याच ग्रंथात स्वप्नांविषयीही बरीच पाने आहेत, आणि लेखकाने स्वतःच्या झोपेवर करून पाहिलेल्या एका प्रयोगाची नोंद आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

पहाटेचे स्वप्न खरे होते, असे आपल्याकडे सगळ्याच घरांत म्हणतात. सहरीसाठी उठणाऱ्यांना रमजानभर आणखी एक अनुभव येत असतो. स्वप्न ऐन रंगात असताना घरातले कुणीतरी हाक मारते. डोळे उघडतात तेव्हा सारे लख्ख आठवत असते. तोंड धुऊन येईपर्यंत निम्मे जाते आणि ताटावर बसल्यावर सांगायला तोंड उघडावे तर हाती काही उरत नाही. काही स्वप्ने मात्र वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहतात. हा फरक का पडतो, याचा विचार इब्न खल्दून यांनी साडेसहाशे वर्षांपूर्वी केला.

त्यांचे घराणे मूळचे अरबस्तानातल्या हद्रमौतचे. पुढे अनेक पिढ्या ते स्पेनमधल्या सेव्हिल शहरात नांदले आणि ते शहर मुस्लिम सत्तेच्या हातून जाण्याआधी निघून ट्यूनिसला स्थिरावले. वडिलांनी दरबारी राजकारण सोडून विद्येत मन घातले होते. मुलाचे शिक्षण उत्तम चालले होते. कुरआन, हदीस, कायदा, व्याकरण आणि अल-आबिली या गुरूंकडे गणित व तर्कशास्त्र. मग 1348 मध्ये प्लेगची साथ आली. आई, वडील आणि बहुतेक शिक्षक त्या साथीत गेले. अब्दुर्रहमान तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते.

पुढची पंचवीस वर्षे म्हणजे एका दरबारातून दुसऱ्या दरबारात अशी धावपळ आहे. विशीत असताना ट्यूनिसच्या सुलतानाच्या फर्मानांवर सुंदर अक्षरांत हम्द लिहिण्याचे काम मिळाले. तिथून ते मोरोक्कोतल्या फेज शहरी गेले. कटात सामील असल्याच्या संशयावरून 1357 मध्ये कैद झाली आणि सुलतान मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे, ते तुरुंगात होते. नंतर ग्रॅनाडा. तिथल्या सुलतानाने 1364 मध्ये त्यांना वकील म्हणून कॅस्टीलचा ख्रिस्ती राजा पेद्रो याच्याकडे सेव्हिलला पाठवले. पूर्वजांचे शहर त्यांनी तेव्हा पाहिले. राजाने तिथेच राहण्याचा आग्रह केला आणि घराण्याची जुनी मालमत्ता परत करण्याची तयारी दाखवली. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मग बिजाया, मग वाळवंटातल्या टोळ्या. आज वजीर, उद्या फरारी. त्या काळच्या राजकारणात ते काही अगदी धुतल्या तांदळासारखे नव्हते. धनी बदलण्यात त्यांनी उशीर केला असे फारसे दिसत नाही.

अखेर 1375 मध्ये ते या सगळ्याला कंटाळले. आजच्या अल्जीरियात, फ्रेंदा गावाजवळ, बनू सलामा नावाचा एक किल्ला होता. तिथल्या टोळीच्या आश्रयाने ते कुटुंबासह जवळपास चार वर्षे राहिले. ‘मुकद्दमा’चा पहिला खर्डा 1377 मध्ये त्या एकांतात अवघ्या पाच महिन्यांत लिहून झाला.

या ग्रंथात ज्योतिषाचे खंडन आहे, सोने बनवण्याच्या किमयेचेही खंडन आहे. जादूटोणा शरीअतने निषिद्ध ठरवला आहे, हेही त्यात बजावलेले आहे. मग स्वप्नांना इतकी जागा का? कारण माणसाला ज्ञान कसे होते हा प्रश्न त्यांना सोडायचा नव्हता, आणि स्वप्न पडत नाही असा माणूस नाही. इस्लामी परंपरेत तर स्वप्नाला मोठे स्थान आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर वही उतरायला लागण्याआधी त्यांना पहाटेच्या उजेडासारखी स्पष्ट, खरी स्वप्ने पडत, असे हदीसमध्ये येते. चांगले स्वप्न हा प्रेषितत्वाचा सेहेचाळिसावा अंश आहे, असेही एका हदीसमध्ये आहे. त्यावर काही विद्वानांनी हिशेब मांडला होता. वहीची एकूण वर्षे तेवीस, त्याआधीच्या खऱ्या स्वप्नांचा काळ सहा महिने, म्हणून सेहेचाळिसावा भाग. इब्न खल्दून यांना हा हिशेब पटला नाही. तो काळ या एका प्रेषितांचा झाला, इतर प्रेषितांनाही तोच लागू होतो हे कशावरून, असा त्यांचा सवाल होता. श्रद्धेच्या विषयातसुद्धा कच्चा पुरावा त्यांना चालत नसे.

झोपेची त्यांची मांडणी त्या काळच्या वैद्यकावर उभी आहे. हृदयातून निघून रक्ताबरोबर अंगभर फिरणारी एक सूक्ष्म वाफ ज्ञानेंद्रियांना चालवते. दिवसभराच्या कामाने ती थकते, रात्रीच्या गारव्यात आत ओढली जाते, आणि डोळे-कान बंद पडल्यावर आत्म्याला थोडी मोकळीक मिळते. आजचे शरीरशास्त्र ही वाफ मानत नाही. पण त्यापुढची त्यांची निरीक्षणे अजून ताजी वाटतात. आत्म्याला जे उमगते ते तो तसेच दाखवत नाही, कल्पनाशक्ती त्याला ओळखीच्या वस्तूंचे कपडे चढवते, असे ते मानतात. सुलतान समुद्र होऊन येतो, शत्रू साप होऊन येतो. आणि मग ते एक साधी, पण फार कमी जणांना सुचलेली गोष्ट नोंदवतात. जन्मांध माणसाच्या स्वप्नात सुलतान समुद्राच्या रूपात येणार नाही, कारण त्याने समुद्र कधी पाहिलेलाच नाही. त्याची कल्पनाशक्ती त्याला ठाऊक असलेल्या इतर गोष्टींतूनच रूप घेईल.

म्हणून स्वप्नाचा अर्थ ठरावीक कोष्टकातून काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. समुद्र म्हणजे कधी सुलतान, कधी राग, कधी काळजी. कुणाला दिसला, कोणत्या परिस्थितीत दिसला, हे पाहावे लागते. उरुसाच्या गर्दीत विकल्या जाणाऱ्या ख्वाबनाम्यांत प्रत्येक वस्तूपुढे एकच अर्थ छापलेला असतो. तो पाहून इब्न खल्दून यांनी मान हलवली असती.

आता आठवणीचा प्रश्न. खऱ्या स्वप्नाच्या दोन खुणा त्यांनी सांगितल्या आहेत. एक, ते पडताच माणसाला चटकन जाग येते, जणू आत मिळालेली गोष्ट घेऊन तो बाहेर धाव घेतो. दुसरी, ते सर्व तपशिलांसह मनावर कोरलेले राहते, आठवायला डोके खाजवावे लागत नाही. याउलट, ज्या स्वप्नांचे तुकडे जुळवत बसावे लागते, आधी काय घडले आणि नंतर काय याचा घोळ होतो, ती स्वप्ने मेंदूने जुन्या आठवणींच्या साठ्यातून उपसलेली असतात. ती काळाच्या ओघात एकामागून एक घडतात, म्हणून त्यांत विसरणेही आले.

आजची प्रयोगशाळा खऱ्या-खोट्या स्वप्नाचा निवाडा करत नाही, पण जाग आणि आठवण यांचा संबंध तिलाही मान्य आहे. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ती झोप शिकागोत 1953 मध्ये नोंदली गेली. रात्रीत ती साधारण दीड तासाने पुन्हा पुन्हा येते आणि पहाटेकडे लांबत जाते. तिच्यातून थेट जाग आली तर स्वप्न आठवण्याची शक्यता बरीच वाढते. सहरीच्या हाकेने मोडलेले स्वप्न इतके स्पष्ट का असते, याचे उत्तर यात आहे. स्वप्न धरून ठेवायचे असेल तर जाग आल्यावर कूस न बदलता क्षणभर तसेच पडून राहावे, शेवटचे दृश्य पकडून मागे मागे जावे आणि बोलायला लागण्याआधी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. चार-आठ दिवस हे केले की आठवण वाढते.

इब्न खल्दून यांचा प्रयोग मात्र आठवणीच्या पुढचा होता. ‘गायतुल हकीम’ हा जादूविद्येचा ग्रंथ त्या काळी स्पेन आणि मोरोक्कोकडे प्रसिद्ध होता. त्यात झोपी जाताना म्हणायचे काही शब्द दिले होते. ते शब्द अरबी नव्हते. मन रिकामे करावे, हेतू स्वच्छ ठेवावा, ते शब्द म्हणावेत, जे जाणून घ्यायचे ते मनात आणावे आणि झोपावे. कित्येक रात्री अल्पाहार आणि जिक्र करून एका माणसाने हे केले. तेव्हा त्याच्यासमोर एक आकृती आली आणि आपण तुझाच परिपूर्ण स्वभाव आहोत असे तिने सांगितले. त्याने तिला प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर मिळाले, अशी हकिकत होती.

जादूला निषिद्ध मानणाऱ्या या काजीने ते शब्द स्वतः म्हणून पाहिले. आणि आपल्याला खरोखर विलक्षण स्वप्ने पडली, स्वतःविषयी जे जाणून घ्यायचे होते ते त्यांतून कळले, अशी स्पष्ट कबुली ग्रंथात दिली. काय विचारले आणि काय दिसले, ते लिहिले नाही. आईवडील साथीत गेलेल्या, तुरुंग पाहिलेल्या, उद्या कोणता धनी उलटेल याची खात्री नसलेल्या माणसाकडे झोपेला विचारण्यासारखे प्रश्न कमी नसणार.

एवढे झाल्यावर दुसऱ्या कुणी मठ काढला असता. इब्न खल्दून यांनी पुढच्याच ओळींत वाचकाला सावध केले. इच्छा केली म्हणून स्वप्न पडते, हे यातून सिद्ध होत नाही. ते शब्द मनाची तयारी करतात, इतकेच. तयारी जितकी पक्की तितकी गोष्ट घडण्याची शक्यता जास्त. पण तयारी माणसाच्या हातात असते, ज्यासाठी तयारी केली ते हातात नसते.

रमजानच्या वाचकाला त्यांचे आहाराविषयीचे प्रकरणही वाचनीय वाटेल. भरपेट, चमचमीत खाण्याने शरीर आणि बुद्धी दोन्ही जड होतात, वाळवंटातले मोजके खाणारे लोक अधिक तरतरीत असतात, असे ते लिहितात. उपाशी राहण्याची सवय मात्र हळूहळू लावावी लागते. दुष्काळात माणसे भुकेने कमी आणि आधीच्या तुडुंब खाण्याच्या सवयीने जास्त मरतात, असा त्यांचा दावा आहे. इफ्तारला भज्यांच्या ताटावर तुटून पडणाऱ्यांनी त्यांचे हे प्रकरण वाचायला हरकत नाही.

झोपण्यापूर्वी मनात ठरवण्याची ही रीत आज दुसऱ्या रूपात अभ्यासली जाते. स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे असे भान येणे, याला जागृत स्वप्न म्हणता येईल. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी 1975 मध्ये त्याचा पुरावा मिळवला. झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून आतून खूण दिली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी ही सवय शिकवण्याची पद्धत बांधली. पहाटे जाग आल्यावर नुकतेच पाहिलेले स्वप्न आठवायचे, पुढच्या स्वप्नात मला भान येईल असे मनाशी घोकायचे आणि पुन्हा झोपायचे. दोन्हींत फरक आहे. इब्न खल्दून झोपण्याआधी प्रश्न ठेवून उत्तराची वाट पाहत होते, स्वप्नाची सूत्रे हाती घेत नव्हते. पण मनाची तयारी ही पायरी दोन्हीकडे तीच आहे, आणि ती दर रात्री फळत नाही हा अनुभवही तोच.

इब्न खल्दून 1382 मध्ये हजच्या निमित्ताने ट्यूनिस सोडून निघाले आणि कैरोला पोहोचले. सुलतान बरकूक याने 1384 मध्ये त्यांना मालिकी पंथाचे मुख्य काजी नेमले. कुटुंब मागे ट्यूनिसमध्ये अडकले होते. बरकूकने तिथल्या सुलतानाला पत्र पाठवून त्यांची सुटका केली. जहाज निघाले, जवळजवळ पोहोचलेही, आणि अलेक्झांड्रियाजवळ वादळात बुडाले. कुटुंब आणि सारी चीजवस्तू गेली. न्यायदानात शिफारशी ऐकत नाही म्हणून कैरोतल्या बड्या मंडळींनी त्याच सुमारास त्यांच्याविरुद्ध ओरड चालवली होती. पद गेले. त्यानंतर त्यांनी अध्यापनात मन घातले आणि 1387 मध्ये हज केला.

दिल्ली लुटून गेलेला तैमूर 1401 च्या सुरुवातीला दमास्कसच्या वेशीवर होता. अडुसष्ट वर्षांचे इब्न खल्दून शहरात अडकलेले. दरवाजे उघडायला लोक तयार नव्हते, म्हणून त्यांना दोरांनी तटावरून खाली सोडण्यात आले आणि ते थेट तैमूरच्या तंबूत गेले. भेट म्हणून कुरआनची प्रत, जानमाज, ‘कसीदा बुर्दा’ आणि मिसरी मिठाईचे चार डबे नेले. मिठाई तिथल्या तिथे वाटली गेली. तैमूरने त्यांचे खेचर विकत मागितले आणि त्याची किंमत नंतर कैरोला पोहोचती केली. दमास्कस मात्र वाचले नाही, ते लुटले आणि जाळले गेले.

कैरोत काजीपद त्यांच्याकडे येत-जात राहिले. सहाव्यांदा नेमणूक झाली तेव्हा आयुष्य थोडेच उरले होते. मार्च 1406 मध्ये, हिजरी 808 च्या रमजानची शेवटची दहा दिवसांची फेरी चालू असताना, पंचविसाव्या रोजाच्या सुमारास ते गेले. शहराच्या बाब-अल-नस्र दरवाजाबाहेर, सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.