सुतार सम्राट

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी. रंध्याच्या आवाजाने जाग यायची आणि भुशाच्या वासात अभ्यास व्हायचा. तरी कॉलेजात कोणी वडिलांचा धंदा विचारला की मी विषय बदलीत असे. अशा मला चीनच्या इतिहासात एक सुतार भेटला, आणि तो चक्क सम्राट होता!

मिंग घराण्यातील तिआन्‌ची सम्राटाचा जन्म १६०५ सालचा. वडील राज्यावर आल्यावर महिन्याभरातच वारले आणि १६२० मध्ये हा कोवळा मुलगा गादीवर बसला. त्याच्या शिक्षणाकडे कोणी लक्ष दिले नव्हते. पण हातात मात्र विलक्षण कसब होते. करवत, रंधा, लाखेचे रोगण यांत तो तहानभूक विसरे. एखादी वस्तू मनासारखी झाली की आनंदे, थोड्याच दिवसांत ती टाकून नवी करावयास घेई. घडी घालता येणारा पलंग त्याने तयार केला, असेही सांगतात.

तो काळच चिनी लाकूडकामाच्या वैभवाचा होता. आपल्या शिसवीच्या कुळातील हुआंगहुआली लाकडाच्या खुर्च्या, मेजे आणि कपाटे तेव्हा घडत. खिळा नाही, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत अचूक बसवायची. फळी चौकटीत थोडी मोकळी ठेवायची, म्हणजे दमट हवेत लाकूड फुगले तरी सांधा फुटत नाही. पावसाळ्यात दारे का अडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या युक्तीचे मोल कळेल.

पण राज्याचे सांधे मात्र निखळत होते. वेई चोंगश्येन नावाचा धूर्त खोजा सम्राट कामात रमलेला पाहून नेमकी तेव्हाच कागदपत्रे पुढे करी. सम्राट ती त्याच्यावरच सोपवी. १६२१ मध्ये शेनयांग आणि लियाओयांग ही शहरे मांचूंनी जिंकली. १६२४ मध्ये यांग ल्येन या अधिकाऱ्याने वेईवर चोवीस आरोप ठेवले. दुसऱ्याच वर्षी तुरुंगातील छळाने त्याचा अंत झाला. त्याच वर्षी नाव उलटून सम्राट पाण्यात पडला. पुढे त्याची प्रकृती खालावत गेली आणि १६२७ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याची मुले लहानपणीच गेली होती. गादी धाकट्या भावाकडे आली आणि १६४४ मध्ये मिंग राज्यच बुडाले.

या सम्राटाच्या हातातील रंध्याला इतिहास हसत आला आहे. मला ते पटत नाही. दोष रंध्याचा कसा? ज्यांचे जीवित आपल्यावर अवलंबून, त्यांचे काम न वाचता दुसऱ्याच्या हाती देणे, हा त्याचा खरा अपराध. तो सुतारकीशी इमानी राहिला, राज्याशी राहिला नाही. माझे वडील दुसऱ्याच्या घरची चौकटसुद्धा स्वतः मापून पाहिल्याशिवाय बसवीत नाहीत.

आता कोणी त्यांचा धंदा विचारला, तर मी विषय बदलीत नाही.