लिदिया लित्व्याक : दंतकथेपलीकडची वैमानिक

दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांचे लहान अर्धपुतळे रंगविण्याचा छंद जगात अनेकांना आहे. सोव्हिएत रशियाची लढाऊ वैमानिक लिदिया लित्व्याक हा त्यांचा एक आवडता विषय. मात्र तिची उपलब्ध छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यामुळे केसांची छटा कोणती, कॉलरच्या लोकरीचा रंग कोणता, हे रंगविणाऱ्यालाच ठरवावे लागते. चरित्रकारापुढेही असाच पेच असतो : पुराव्याने काय दिसते आणि कल्पनेने काय भरले आहे?

लिदियाचा जन्म १८ ऑगस्ट १९२१ रोजी मॉस्को येथे झाला. चौदाव्या वर्षी ती विमान-प्रशिक्षण मंडळात दाखल झाली आणि पुढच्याच वर्षी तिने एकटीने विमान चालविले. १९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत तिच्या वडिलांना अटक झाली. ते घरी परतले नाहीत. राज्यसत्तेच्या लेखी ‘जनतेचा शत्रू’ ठरलेल्या माणसाची ही मुलगी पुढे त्याच राज्याच्या रक्षणासाठी लढली. तिच्या जीवनातील हा अंतर्विरोध आपण विसरता कामा नये.

१९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले. त्या वर्षी विख्यात वैमानिक मारिना रास्कोवा यांनी स्त्रियांची तीन हवाई पथके उभारली. त्यांपैकी ५८६ व्या लढाऊ विमानपथकात लिदियाची निवड झाली. व्होल्गाकाठच्या एंगेल्स येथील प्रशिक्षणातला एक प्रसंग सहकाऱ्यांच्या आठवणींत सांगितला जातो. तिने लोकरी बुटांचा वरचा भाग कापून आपल्या गणवेशाला कॉलर शिवली. शिस्तभंगाबद्दल तिला शिक्षा झाली आणि ती लोकर पुन्हा बुटांना जोडावी लागली. अर्धपुतळ्याच्या गळ्याभोवती लोकर रंगविताना कलावंताला हाच प्रसंग आठवत असावा.

सप्टेंबर १९४२ मध्ये तिला स्टालिनग्राडच्या आघाडीवर पुरुषांच्या पथकात पाठविण्यात आले. त्याच महिन्यात तिच्या नावावर शत्रूची विमाने पाडल्याची नोंद झाली. याक-१ हे तिचे प्रमुख विमान. मार्च १९४३ मध्ये ती जखमी झाली, तरी लवकरच पुन्हा आकाशात गेली. मे महिन्यात तिचा जवळचा सहकारी अलेक्सेई सोलोमातिन आणि जुलैमध्ये मैत्रीण येकातेरिना बुदानोवा मृत्युमुखी पडली. १ ऑगस्ट १९४३ रोजी दोनबास भागातील एका उड्डाणाहून लिदिया परतली नाही. एकविसावे वर्ष तिने पूर्ण केले होते, बाविसावे मात्र पूर्ण झाले नाही.

त्या वेळी तिचा मृतदेह सापडला नाही. शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकाकडे त्या काळी विश्वासघातकी म्हणून पाहिले जाई. ‘बेपत्ता’ या एका शब्दामुळे तिच्या निष्ठेवर संशयाची छाया पडली आणि सर्वोच्च सन्मान तिला नाकारला गेला. तिच्या पथकातील सहकारी आणि दोनबासमधील शोधपथके यांनी अनेक वर्षे चिकाटीने शोध घेतला. अखेर मे १९९० मध्ये तिला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मरणोत्तर देण्यात आला.

तिने नेमकी किती विमाने पाडली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तिच्या विमानावर पांढरे लिलीचे फूल रंगविलेले होते, ही गोष्ट लोकप्रिय आहे. तिला भक्कम आधार मात्र नाही. ‘स्टालिनग्राडची श्वेत लिली’ या प्रतिमेत वडिलांची अटक मावत नाही आणि सत्तेचचाळीस वर्षांची उपेक्षाही मावत नाही. प्रतिमा जितकी शुभ्र, तितके हे तपशील सहज पुसले जातात. चरित्रकाराने ते जपावेत, कारण या तरुणीचे धैर्य त्यांतूनच कळते.

स्वयंअध्ययन : लिदियाच्या जीवनातील पुराव्याने सिद्ध आणि दंतकथात्मक तपशिलांची स्वतंत्र नोंद करा व चरित्रलेखनात दंतकथेला कोणते स्थान द्यावे, ते स्पष्ट करा.