पंडिता रमाबाई : वाटेवरच्या मुलींची आई

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता, त्यांच्या पदव्या, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर यांविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते. पण फसवून नेल्या जाणाऱ्या मुलींसाठी बाईंनी जे केले, ते सांगताना आम्ही उपदेशक जरा अडखळतो. म्हणून आज तेच सांगावेसे वाटते.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकू दिले. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे विद्वानांनी बाईंचा मोठा गौरव केला. परंतु थोड्याच काळात भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. उपाशी, निराधार मुलगी म्हणजे काय, हे बाईंना कोणी सांगावे लागले नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी, जगाने टाकून दिलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. असे हे का करतात, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या गोष्टीने बाईंचे मन हलले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढे ते पुण्यास आले. विधवांना शिकवावे, स्वतःच्या पायावर उभे करावे, हा हेतू. नंतर बाई यात्रेकरूच्या वेषात वृंदावनास जाऊन आल्या. पुण्य मिळेल असे सांगून दूरच्या तरुण विधवांना तेथे आणतात व मग त्यांची अब्रू विकायला लावतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाई तिकडे धावल्या. भुकेल्या मुलींच्या शोधात केवळ दयाळू माणसेच नव्हे, तर कुंटणखान्यांसाठी मुली वेचणारी माणसेही फिरत होती. जो आधी पोहोचेल त्याची मुलगी, अशी ती शर्यत होती. बाईंनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते. मुलींना तेथे ठेवणे अशक्य झाले. तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेले, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. बाईंच्या आश्रमातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेल्यावर बेपत्ता झाली, तेव्हा १८९७ मध्ये बाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारलाच जाब विचारला. त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटात उमटले.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. भाकरी देऊन बाई थांबल्या नाहीत. हाताला काम नसलेली मुलगी पुन्हा कोणाच्याही गोड बोलण्याला भुलेल, हे त्या जाणून होत्या.

शेजारीच त्यांनी कृपा सदन काढले. ज्या मुलींपर्यंत पोहोचायला उशीर झाला होता, त्यांच्यासाठी ते घर होते. फुलहॅमला पाहिलेले बी केडगावच्या मातीत असे रुजले. आमच्या मते बाईंच्या कार्यातला हा सर्वांत कठीण भाग. वाचवलेल्या मुलीचे कौतुक सगळे करतात. फसलेल्या मुलीला शेजारच्या बाकावर बसू देणारे थोडे असतात.

१९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही प्रभूमध्ये विसावा घेतला.

प्रिय वाचकहो, मुली नेणारी माणसे आजही आहेत. दुष्काळ, कर्ज, शहरातली नोकरी, खोटे लग्न, ही त्यांची साधने. आपल्या मंडळीतली एखादी मुलगी अनोळखी माणसाबरोबर कामाला निघाली, तर पत्ता विचारणारे कोणी आहे काय? आणि ती खचून परत आली, तर आपले दार उघडे असेल काय? बाईंची जयंती साजरी करण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे आपण प्रभूसमोर देऊ या.