एलिझाबेथ ग्लेझर : मुलांच्या औषधासाठी झगडलेली आई

१९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये एलिझाबेथ ग्लेझर बाळंत झाल्या. रक्तस्राव थांबेना, म्हणून सात पिशव्या रक्त चढवावे लागले. त्या रक्तातून एचआयव्ही शरीरात शिरला. रक्ततपासणीची चाचणी आली १९८५ मध्ये. तोवर अंगावरच्या दुधातून मुलगी एरियलला आणि गर्भातच धाकट्या मुलाला लागण झाली होती. घरात सुटले ते फक्त पती, अभिनेते पॉल मायकेल ग्लेझर.

एझेडटी हे पहिले औषध १९८७ मध्ये मंजूर झाले, पण प्रौढांसाठी. मुलांना ते किती द्यायचे, हेच ठरलेले नव्हते. आता मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशेबाने कमी केला की झाले, असे नसते. लहानग्यांचे यकृत आणि मूत्रपिंड औषध वेगळ्या गतीने हाताळतात. शिवाय हा विषाणू वाढत्या मेंदूवरच घाला घालतो. एरियलला ते शिरेतून मिळाले, तेव्हा ती पार खंगली होती. काही दिवस तरतरी आली. ऑगस्ट १९८८ मध्ये ती गेली, अवघ्या सात वर्षांची.

त्याच वर्षी पेशाने शिक्षिका असलेल्या एलिझाबेथनी दोन मैत्रिणींसह बालकांच्या एड्स संशोधनासाठी संस्था काढली, वॉशिंग्टनला खेटे घातले. १९९० मध्ये मुलांसाठी एझेडटीला मंजुरी मिळाली. १९९४ मध्ये तर गरोदरपणी, प्रसूतीवेळी आणि नंतर बाळाला हेच औषध दिल्यास लागणीचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येते, असे दिसून आले. त्याच डिसेंबरात, ४७व्या वर्षी, एलिझाबेथ गेल्या. धाकटा मुलगा मात्र जगला, मोठा झाला.