वीस वर्षांचा वायदा : डॉ. झाकीर हुसेन

परीक्षा जवळ आली की घरोघरी मुलांच्या वेळेचा विषय निघतो. भिंतीवर वेळापत्रक चिकटवले जाते, पहाटेचा गजर लावला जातो आणि मुलगा किती तास पुस्तकापुढे बसला याचा हिशोब आई-वडील ठेवू लागतात. हे सारे आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु मनुष्याचे आयुष्य तासांनी जसे मोजले जाते तसेच ते वर्षांनीही मोजले जाते. आपली उमेदीची वर्षे कोणाच्या झोळीत टाकावयाची हे ज्याला वेळीच ठरविता आले, त्यालाच वेळेचा खरा उपयोग कळला असे म्हणावे लागेल. भारताचे तिसरे राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे चरित्र या दृष्टीने आपल्या विद्यार्थ्यांनी आणि त्याहूनही पालकांनी डोळ्यांखालून घालण्यासारखे आहे.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फरुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हे हैदराबादेत नावाजलेले वकील होते. घरात सुबत्ता होती. पण १९०७ साली, झाकीर दहा वर्षांचे असताना, वडील पैगंबरवासी झाले आणि कुटुंब कायमगंजला परतले. पुढे चारच वर्षांनी, १९११ साली, प्लेगने आईलाही नेले. त्या वेळी झाकीर इटावा येथील इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात शिकत होते. आई-वडिलांचे छत्र हरपलेली सात भावंडांतली ही मुले शिकली ती शिक्षणासाठी समाजाने उभारलेल्या अशा संस्थांच्या आधारावर. समाजाच्या पैशातून चाललेली शाळा एका पोरक्या मुलाला काय देऊ शकते हे झाकीर हुसेन यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९१३ साली ते अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात आले. प्रथम डॉक्टर होण्याचा विचार होता; परंतु प्रकृती बिघडली, विज्ञानाचा अभ्यास सुटला आणि ते इंग्रजी साहित्य, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र या विषयांकडे वळले. १९१८ साली बी.ए. होऊन ते अर्थशास्त्रात एम.ए. आणि त्याबरोबर कायदा असा अभ्यास करू लागले. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, विद्यार्थी संघाचे उपाध्यक्षपद वाट्याला आलेले. मित्रमंडळी तर त्यांना ‘मुर्शिद’ म्हणजे गुरू या नावानेच हाक मारीत. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. घड्याळाच्या काट्यावर चालणारा हा विद्यार्थी नव्हता. गप्पांची मैफल जमली की रात्र कशी सरली ते कळत नसे, आणि लेखनाचे काम शेवटच्या घटकेपर्यंत लांबणीवर टाकण्याची खोड तर पुढेही त्यांना पुरती सोडून गेली नाही. जो मुलगा आज वेळापत्रक पाळू शकत नाही तो वायाच गेला असे मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती १९२० च्या ऑक्टोबरात. असहकाराचे वारे वाहू लागले होते. महात्मा गांधी आणि अलीबंधू अलीगढला आले आणि सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडून देण्याचे त्यांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले. झाकीर हुसेन त्या वेळी तेवीस वर्षांचे होते. एम.ए.चे विद्यार्थी आणि त्याबरोबर अर्धवेळ अध्यापकही. पदवी दृष्टिपथात होती, नोकरी हाताशी होती, लग्न १९१५ सालीच झाले होते. पण त्यांनी नुसता बहिष्कार टाकून घरी बसण्याचा मार्ग पत्करला नाही. कॉलेज सोडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दुसरे विद्यालय हवे, अन्यथा चार दिवसांच्या जोशानंतर मुले वाऱ्यावर जातील, हे त्यांनी ओळखले. ते व त्यांचे सहकारी दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि मौलाना मुहंमद अली या पुढाऱ्यांना भेटले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली आणि तंबूंतून तिचे वर्ग सुरू झाले. मोडणे सोपे असते. मोडल्यावर त्या जागी काय उभे करावयाचे याचा विचार जो करतो तो नेता. झाकीर हुसेन यांच्या नेतृत्वाचा हा पहिला धडा होता.

१९२२ साली ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात वेर्नर झोम्बार्ट यांच्यासारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञांची व्याख्याने त्यांनी ऐकली, आणि ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानची शेतीव्यवस्था हा विषय प्रबंधासाठी घेतला. तेथेही त्यांचे लक्ष एकाच ठिकाणी बांधून राहिले नाही. संगीत, नाटके, चित्रकला, नव्या धर्तीच्या शाळा, सगळीकडे त्यांची पावले वळत. आल्फ्रेड एऱ्हेनट्राइख यांच्या सहकार्याने त्यांनी गांधीजींच्या विचारांचे जर्मन पुस्तक तयार केले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९२५ साली बर्लिनच्या कावियानी छापखान्यातून गालिबच्या दिवाणाची सुबक आवृत्ती त्यांनी काढली. त्यासाठी स्वतः छापखान्यात उभे राहून खिळे जुळवण्याचे कामही त्यांनी केले. वरवर पाहणाऱ्याला वाटावे की हा विद्यार्थी प्रबंध सोडून भलतेच उद्योग करीत आहे. परंतु यातला प्रत्येक उद्योग पुढे उपयोगी पडला. गेओर्ग केर्शेनश्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांतून हाताने काम करीत शिकण्याचे महत्त्व त्यांना पटले. याच वास्तव्यात मुहंमद मुजीब आणि आबिद हुसेन हे दोन तरुण त्यांना भेटले. गेर्डा फिलिप्सबॉर्न या ज्यू महिलेशी स्नेह जुळला. पुढे त्या हिंदुस्थानात आल्या, जामियाच्या लहान मुलांची त्यांनी मातेप्रमाणे देखभाल केली आणि १९४३ साली वारल्यावर जामियाच्याच भूमीत चिरविश्रांती घेतली.

इकडे जामियाचे दिवस फिरले होते. असहकाराची चळवळ थांबली, १९२४ साली तुर्कस्तानात खिलाफत संपुष्टात आली आणि तिच्याबरोबर पैशाचा ओघही आटला. संस्था बंद करावी असे जबाबदार माणसेही बोलू लागली. ही वार्ता बर्लिनला पोहोचली तेव्हा प्रबंध अद्याप पुरा व्हावयाचा होता. झाकीर हुसेन यांनी मुजीब आणि आबिद हुसेन यांच्याशी विचारविनिमय केला आणि हकीम साहेबांना कळविले की आम्ही आपले आयुष्य जामियाला देण्यास तयार आहोत, आम्ही येईपर्यंत संस्था बंद करू नये. हकीम अजमल खान आणि गांधीजी यांनी संस्थेला धीर दिला. १९२५ साली जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत हलविण्यात आली. शब्द देऊन बसलेल्या विद्यार्थ्याने आता प्रबंध पुरा केला, डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळविली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत तिघेही मित्र मायदेशी परतले. वेळ का वाचवावयाचा याचे उत्तर सापडले की वेळ वाचविण्याची युक्ती माणसाला आपोआप सुचते.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डॉ. झाकीर हुसेन जामियाचे शैखुल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. पदाचे नाव मोठे. पण पदरात काय होते? भाड्याच्या इमारती, मूठभर विद्यार्थी आणि कर्जाचा डोंगर. त्यात १९२७ च्या डिसेंबरात हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि संस्थेचा सर्वांत भक्कम आधार नाहीसा झाला. अशा वेळी सामान्य माणूस सुटकेचा मार्ग शोधतो. १९२८ साली झाकीर साहेबांनी आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी ‘अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली’ ही मंडळी स्थापन केली आणि तिच्या सभासदांनी प्रतिज्ञा केली की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना १५० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात मिळत होते ते त्याहून पुष्कळच कमी, आणि तेही वेळेवर नाही. बर्लिनची डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला सरकारी वा संस्थानी नोकरीत काय मिळाले असते हे सांगावयास नको. कायमगंजच्या सुखवस्तू घरातून आलेल्या शाहजहान बेगमनी हा संसार ओढला, याचीही नोंद झाली पाहिजे. त्यागाची शपथ पुरुष घेतो आणि तिचे हप्ते पुष्कळदा घरातली स्त्री फेडते.

मोठ्या देणगीदाराची वाट पाहत बसण्यापेक्षा सामान्य माणसाकडून थोडे थोडे घ्यावे हा मार्ग जामियाने निवडला. ‘हमदर्दान-ए-जामिया’ या नावाने गावोगावच्या हितचिंतकांचे जाळे उभे केले गेले. चार आणे, आठ आणे देणाराही संस्थेचा भागीदार झाला. झाकीर साहेब स्वतः दारोदार हिंडले, अपमान गिळले, पण संस्था कोणा एकाच्या दावणीला बांधली नाही.

शाळेतही त्यांची रीत अशीच होती. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक मुलांकडून दुकान, बँक असे उपक्रम चालवून घेत. हिशोब चुकला तर मुलांनीच शोधावयाचा, भांडण झाले तर मुलांनीच मिटवावयाचे. जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय नेतृत्व येत नाही, हे तेथे भाषणावाचून शिकविले जाई. झाकीर साहेबांची एक आठवण तर अजूनही सांगितली जाते. मुले मळक्या बुटांनी शाळेत येतात, सांगूनही ऐकत नाहीत, असे पाहून एके दिवशी कुलगुरू स्वतःच पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन दारात बसले. मुले शरमली, पुन्हा सांगण्याची वेळ आली नाही. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली, तेव्हाही हा मान कोणा नबाबाला अथवा पुढाऱ्याला न देता शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याला देण्यात आला.

आपल्या महाराष्ट्राचाही त्यांच्या कार्याशी निकटचा संबंध आला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे आणि शाळेचा खर्चही त्यातून निघावा ही गांधीजींची कल्पना होती. सारे होकार देत असता झाकीर साहेबांनी आदब राखून आपली शंका मांडली की, कमाईवर भर दिला तर शाळा कारखाना होईल आणि शिक्षण बाजूला राहील. गांधीजींनी याच माणसाला समितीचे अध्यक्ष केले. विनोबा भावे, काका कालेलकर यांच्यासारखे सभासद असलेल्या या समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल सादर केला. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, अशी योजना तीत होती. लेखन लांबणीवर टाकणारा अलीगढचा तो विद्यार्थी आता मुलांच्या प्रश्नावर एक दिवसही लांबवावयास तयार नव्हता.

१९४६ च्या नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगलींचा वणवा पेटला होता. त्या व्यासपीठावर त्यांनी पंडित नेहरू आणि बॅरिस्टर जिना यांच्यासह दोन्ही बाजूंचे नेते एकत्र बसविले आणि ही आग विझवा अशी कळकळीची विनंती केली. आग तेव्हा विझली नाही; परंतु त्या दिवसांत सर्वांना एका छताखाली बोलावू शकेल अशी पत एका गरीब शाळेच्या शिक्षकाने कमावली होती.

१९२८ ची प्रतिज्ञा १९४८ साली पुरी झाली. त्यानंतरच त्यांनी जामिया सोडली, आणि तीही विश्रांतीसाठी नव्हे. फाळणीनंतर संशयाच्या छायेत सापडलेल्या अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी पत्करले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जेथून ते बाहेर पडले होते तेथेच संस्था सावरण्यासाठी परतले. १९५६ पर्यंत ते तेथे होते. १९५७ साली बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती, असे सन्मान एकामागून एक चालत आले. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफनासाठी जागा शोधावी लागली नाही. ज्या जामियाला त्यांनी आयुष्य दिले तिच्याच आवारात ते चिरनिद्रा घेत आहेत. तीच जामिया १९८८ साली केंद्रीय विद्यापीठ झाली.

विद्यार्थी मित्रांनो, वेळापत्रक जरूर करा आणि ते पाळाही. पण एखाद्या निवांत संध्याकाळी हेही स्वतःला विचारा की माझी पुढची वीस वर्षे कोणाच्या कामी येणार आहेत. आणि पालकांनी, मुलाच्या पहिल्या पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी, ज्या शाळेने त्याला घडविले तिच्यासाठी तो महिन्याचे चार तास काढील का, हेही विचारावे. आपल्या संस्थांना देणगीची गरज आहे, इमारतींची गरज आहे. परंतु त्यांना सर्वांत अधिक गरज आहे ती दिलेला शब्द मुदत पुरी होईपर्यंत पाळणाऱ्या माणसांची.